धुरकट हेडलाइट घरच्या घरी नितळ करताना: कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत काय सांभाळावं

हेडलाइटवर स्प्रे मारायचाच असेल तर डबा पारदर्शक क्लिअर कोटचा घ्या, काळ्या टिंटचा नको. दिवे ‘स्मोक’ करायला, म्हणजे काळपट रंगवायला, मास्किंग टेप, वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक सँडपेपर) आणि एका लयीत मारलेला पातळ स्प्रे लागतो. नेमक्या त्याच तयारीने उन्हाने पिवळी पडलेली काच पुन्हा नितळ करता येते. मेहनत दोन्हींकडे सारखीच, पण पहिल्या कामाने रस्त्यावरचा उजेड कमी होतो आणि दुसऱ्याने वाढतो. कोकणात रात्री गाडी चालवणाऱ्याला उजेडाची किंमत वेगळी सांगायला नको. वळणांचा रस्ता, दोन्ही बाजूंना दाट झाडी, डांबराला लागूनच गटार, रस्त्यात बसलेली गुरं, आणि पावसाचे चार महिने समोरून आपटणारं पाणी.

तरीही नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न स्मोकचाच येतो, म्हणून आधी त्याचं सांगून टाकतो. काळा टिंट म्हणजे दिव्यासमोर कायमचा धरलेला गडद पडदा. एक थर मारला तर दिवसा फारसा काळा दिसत नाही, म्हणून माणूस दुसरा मारतो, मग तिसरा, आणि प्रत्येक थर रात्री उजेड खातो. मागच्या लाल दिव्यांवर मारला तर धोका आणखी वाढतो, कारण ब्रेक दाबल्याचं मागच्या एसटीच्या चालकाला दिसलं पाहिजे, तेही पाऊस कोसळत असताना. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये, 155 मीटर पुढची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसण्याइतका उजेड नसेल तेव्हा गाडीचे दिवे लागलेलेच हवेत असं सांगितलेलं आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीत उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. क्लिअर कोटचं तसं नाही. तो काचेचा रंग बदलत नाही, कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा काचेवर जो संरक्षक थर होता त्याची जागा भरून काढतो.

पिवळ्या टिंटचाही एक समज आहे. आंबोलीत किंवा आंबा घाटात धुकं उतरलं की पिवळा उजेड धुकं कापतो, म्हणून हेडलाइटवर पारदर्शक पिवळा स्प्रे मारावा, असं बरेच जण सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोगी पडतो तो खाली बसवलेला, रुंद आणि सपाट झोत टाकणारा फॉग लॅम्प, कारण त्याचा उजेड डोळ्यांच्या रेषेत परत येत नाही. हेडलाइट पिवळी केली तर तेवढा उजेड फुकट जातो. घाटात धुकं असेल तर डिपर खाली ठेवा आणि वेग कमी करा.

काच का धुरकटते

हल्लीच्या गाड्यांच्या हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. हे प्लॅस्टिक दगड लागला तरी सहसा फुटत नाही, पण मऊ असतं, ओरखडा पटकन पडतो, आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण पारदर्शक थर देतात. काही वर्षांत ऊन तो थर खाऊन टाकतं. आधी वरच्या कडेला, जिथे ऊन सरळ पडतं तिथे तो फिक्कट पिवळा होतो, मग भेगाळतो, सुटतो, आणि खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं.

कोकणात हे लवकर होतं असं जाणवतं, त्याला कारणंही आहेत. जांभ्याची लाल धूळ गाडीवर बसते आणि आपण ती कोरड्या फडक्याने पुसतो, म्हणजे दर सकाळी बारीक ओरखडे काढतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. ते काचेवर सुकतं, दवाने ओलं होतं, पुन्हा सुकतं, आणि पुसताना तेही खरवडतं. त्यात गाडी घरासमोर उघड्यावर, नाक पश्चिमेला करून उभी असली की दुपारपासून मावळतीपर्यंतचं ऊन थेट काचेवर पडतं.

आधी पाणी ओतून बघा

काम सुरू करण्याआधी काच धुवा आणि ओली असतानाच नीट बघा. ओली झाल्यावर धुरकटपणा जवळपास नाहीसा होत असेल तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, आणि तो घरी निघतो. ओली केल्यावरही काच तशीच मळकट दिसत असेल तर खराबी आतून आहे किंवा भेगा खोल गेल्या आहेत. बाहेरून कितीही घासलं तरी ती जाणार नाही.

आत वाफ धरली असेल तर वेगळा विचार करा. पावसाळ्यात गार पाण्याने गाडी धुतल्यावर आत थोडी वाफ दिसणं आणि दिवे लावल्यावर ती तासाभरात जाणं, यात काळजीचं काही नाही. थेंब तसेच राहत असतील, खाली पाणी साचत असेल, तर मागचं रबरी झाकण नीट बसलंय का आणि काचेच्या कडेचं सील सुटलंय का ते बघा. दिव्याला हवा खेळण्यासाठी छोटी नळी किंवा भोक असतं. ते सिलिकॉनने बुजवू नका. तसं केलं की आतली वाफ आतच अडकते. आधी हे दुरुस्त करा, नंतर काचेकडे वळा.

दिवे भट्टीत तापवून उघडायचे आणि आतली चंदेरी चौकट काळी करायची, हा प्रकारही लोक करतात. त्यात काच स्वच्छ राहते हे खरं. पण एकदा उघडलेलं सील कारखान्यासारखं पुन्हा बसणं कठीण, आणि आपल्याकडचा पाऊस बारीकशी फटही शोधून काढतो. इथल्या नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

कधी करायचं

या कामात नवशिक्या सगळ्यात जास्त फसतो तो हवेमुळे, म्हणून इथे जरा थांबतो. स्प्रेमधला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत आर्द्रता जास्त असेल तर त्या थंड पृष्ठभागावर हवेतलं पाणी धरतं आणि ओल्या थरात अडकतं. काच दुधट, पांढरट दिसू लागते. डबा चांगला, हातही सफाईदार, पण हवा दमट असेल तर काम बिघडणारच. त्यामुळे जून ते सप्टेंबर या दिवसांत स्प्रे मारूच नका. ऑक्टोबरात पाऊस थांबला तरी हवेत ओल असते आणि दुपारनंतर मळभ येऊन गडगडू शकतं. दिवाळी झाली की हवा कोरडी होऊ लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले. मार्च-एप्रिलमध्येही जमतं, पण किनाऱ्याजवळ उकाडा आणि दमटपणा परत वाढायला लागतो.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. थंडीत सकाळी दव असतं. गाडीचं बॉनेट हाताला ओलसर लागतंय तोवर डबा उघडू नका. दुसरीकडे, दुपार चढली की समुद्राकडून खारे वारे सुटतात, सोबत धूळ आणि मीठ आणतात आणि स्प्रेही उडवून नेतात. या दोन्हींच्या मधला, साधारण साडेनऊ ते बाराचा वेळ हाताशी असतो. घासायचं काम आदल्या दिवशी संध्याकाळी उरकून ठेवलं तर हा वेळ पूर्णपणे स्प्रेला मिळतो. मोबाइलवर हवामानात आर्द्रता दाखवतात, ती बघा. डब्यावर मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळा. लिहिलेली नसेल तर 65-70 टक्क्यांच्या वर थांबलेलंच बरं.

जागा सावलीची हवी, पण झाडाखालची नको. माडाखाली तर गाडी उभीच करू नये, झावळ किंवा नारळ कधी पडेल सांगता येत नाही. आंब्याखाली पौष-माघात मोहोरावर तुडतुडे असतात, त्यांचा चिकट द्रव खाली ठिबकतो, आणि ओल्या क्लिअर कोटवर तो पडला की डाग कायमचा. तीन बाजूंनी उघडी पडवी किंवा पत्र्याची शेड उत्तम. बंद खोलीत किंवा शटर ओढून हे काम करू नका. या डब्यांतला गॅस आणि द्रावक दोन्ही पेट घेतात. जवळ चूल, पाणी तापवायचा बंब, जळती समई, विडी असं काही नको.

गणपतीला गावी निघायला आठ दिवस उरलेत आणि काच धुरकट आहे, असं असेल तर काय? तेव्हा स्प्रेचा विचार सोडा. काच घासून, पॉलिश करून वर मेण लावा. कसं, ते पुढे सांगतो. तेवढ्यावर मुंबई ते सावंतवाडी रात्रीचा प्रवास नीट होतो. मग दिवाळीनंतर निवांत क्लिअर कोट द्या.

सामान

रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरचे दोन-दोन तुकडे घ्या, आणि फक्त पॉलिश करणार असाल तर 3000 चाही. मास्किंग टेप थोडी चांगली घ्या, स्वस्त टेप उन्हात गोंद सोडते. रबिंग कंपाउंड, तीन-चार मायक्रोफायबर फडकी, पाण्याची फवारणीची बाटली, गाडी धुण्याचा शाम्पू, जुनी वर्तमानपत्रं. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल.

थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोल मात्र या काचेला लावायचं नाही. पॉलिकार्बोनेटला त्याने लगेच बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ते परत निघत नाही. मागचे लाल दिवे बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असतात, त्यांना अल्कोहोलसुद्धा सोसतंच असं नाही. तिकडे साबणपाणीच पुरे. तसेही मागचे दिवे पुढच्यांसारखे पिवळे पडत नाहीत.

पाण्याकडेही लक्ष द्या. खाडीलगतच्या वाड्यांतल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होतं. ते सुकल्यावर काचेवर क्षार राहतात आणि त्यावरच स्प्रे बसला तर डाग आत बंद होतो. शेवटचं धुणं तरी गोड्या, गाळलेल्या पाण्याने करा.

आता क्लिअर कोट. बाजारात दोन जातीचे डबे असतात. पहिला साधा, एका घटकाचा. हलवायचा आणि मारायचा. दुसरा दोन घटकांचा, ज्याला ‘टू-के’ म्हणतात. त्याच्या बुडाशी बटण असतं, ते दाबलं की आतला हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, मिसळतो, आणि मग डबा ठरावीक वेळातच संपवावा लागतो. टू-केचा थर खूप कठीण होतो आणि कितीतरी जास्त टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो. साधा कापडी किंवा दवाखान्यातला मास्क त्यापुढे काहीच कामाचा नाही. सेंद्रिय वाफा अडवणारी डबी बसवलेला रेस्पिरेटर, हातमोजे आणि चष्मा नसेल तर टू-के घरी वापरू नका. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे सगळं असलं तरी नको.

पहिल्यांदा करणाऱ्याने दोनांपैकी एक मार्ग धरावा. एक, अतिनील किरणांपासून संरक्षण देतो असं आणि हेडलाइटसाठी असं डब्यावर स्पष्ट छापलेला साधा क्लिअर घ्यावा आणि दीड-दोन वर्षांनी काम पुन्हा करायची तयारी ठेवावी. दोन, घासण्याचं सगळं काम घरी करावं आणि गाडी ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्यावी. तो दुसऱ्या गाडीला क्लिअर मारत असतोच. त्याच मिश्रणातला दोन हात तुमच्या दिव्यांवर मारायला त्याला पंधरा मिनिटं लागतात. मला विचाराल तर मी दुसरा मार्ग सांगेन. वेळखाऊ काम तुम्ही केलेलं असतं, आणि धोक्याचं काम ज्याच्याकडे मास्क आणि गन आहे तो करतो. जाण्याआधी तो खरंच मास्क वापरतो का, तेही बघा.

घासणं

गाडी, निदान पुढचा अर्धा भाग, भरपूर पाणी मारून धुवा. काचेच्या कडेच्या खाचेत लाल माती अडकून बसते. जुन्या टूथब्रशने ती काढा. एक कण जरी वॉटर पेपरखाली आला तरी खोल रेघ पडते.

मग टेप. काचेला लागून असलेलं बंपर, मडगार्ड, बॉनेट या सगळ्यांच्या कडांवर दोन थर टेप मारा. कडेवरचा रंग सर्वांत पातळ असतो आणि घासताना हात नेमका तिथेच जातो. बॉनेट उघडून वरच्या कडेला टेप आत दुमडली तर काम नीट होतं.

वॉटर पेपर पाच-दहा मिनिटं पाण्यात भिजू द्या. 800 पासून सुरुवात करा. काच फार खराब नसेल, फक्त पिवळट असेल, तर 1000 ने सुरू केलं तरी चालतं. हाताच्या बोटांनी थेट दाबू नका, दाब बोटांखालीच एकवटतो आणि पन्हाळी पडते. स्पंजच्या तुकड्याला पेपर गुंडाळा. आडव्या दिशेने, सारख्या दाबाने, सतत पाणी मारत घासा.

सुरुवातीला पिवळसर दुधी पाणी वाहायला लागेल. तो जुना थर निघतोय. हे पाणी पांढरं होईपर्यंत 800 सोडायचा नाही. इथेच घाई होते. जुना थर अर्धवट राहिला की त्याच्या कडा नकाशासारख्या उमटतात, आणि वर काहीही मारलं तरी त्या दिसतच राहतात. काच पुसून, कोरडी करून, तिरप्या उजेडात बघा. सगळीकडे सारखाच मॅट पांढरेपणा हवा. कुठे चकाकी किंवा कडा दिसली तर अजून घासा.

पुढचा नंबर घेताना दिशा बदला. 800 आडवा मारला तर 1000 उभा, 1500 पुन्हा आडवा. आधीच्या नंबराच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते असं कळतं. प्रत्येक नंबरानंतर काच धुवा आणि बादलीतलं पाणी बदला. काच आता आधीपेक्षाही धुरकट दिसेल. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी.

इथून दोन वाटा फुटतात. स्प्रे मारायचा असेल तर 1500 किंवा 2000 वर थांबा. त्यापुढे चमक आणू नका. क्लिअर कोटला धरून राहायला थोडा खरखरीतपणा लागतो, आणि ओला थर बसला की त्या बारीक रेघा आपोआप भरून काच नितळ होते. स्प्रे मारायचा नसेल तर 3000 पर्यंत जा, मग रबिंग कंपाउंडने गोल गोल घासून चमक आणा आणि वर गाडीचं चांगलं मेण किंवा सीलंट लावा. ही चमक दिसायला सुंदर असते, पण काच उन्हाला उघडी राहते. महिन्या-दोन महिन्यांनी मेण लावत राहिलात तरच ती टिकते.

टूथपेस्टने दिवे चमकवण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात बारीक घासणारे कण असतात, म्हणून वरवरचा मळ निघतो आणि काही दिवस बरं वाटतं. जुना सुटलेला थर तिने निघत नाही आणि संरक्षण तर काहीच मिळत नाही. डास पळवायचं मलम चोळायलाही काही जण सांगतात. त्यातलं रसायन प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवतं. तेवढ्यापुरतं चकचकीत दिसतं, मग काच आधीपेक्षा वाईट होते. ते करू नका.

क्लिअर कोट मारणं

काच धुऊन कोरडी करा. कडेच्या खाचांत पाणी लपून बसतं आणि स्प्रे मारताना नेमकं तेव्हाच ओघळतं, म्हणून फुंकणी किंवा केस वाळवायचं यंत्र मंद उष्णतेवर फिरवा. ओली झालेली जुनी टेप काढून नवी लावा. गाडीच्या पुढच्या भागावर वर्तमानपत्रं किंवा प्लॅस्टिक पसरा, काचेपासून निदान दीड-दोन फूट. स्प्रेचा तुषार वाटतो त्यापेक्षा लांब जातो आणि बॉनेटवर बसला की खरखर लागते. शेजारी दुसरी गाडी किंवा दोरीवर कपडे असतील तर हलवा.

अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने काच एका दिशेने पुसा. यानंतर तिला बोट लावायचं नाही.

डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा, नोझल थुंकत असेल तर तिथेच कळेल. मग काचेच्या एका कोपऱ्यात, बॉनेट मिटल्यावर झाकला जाईल अशा जागी, छोटासा ठिपका मारून पाच-दहा मिनिटं थांबा. काही क्लिअरमधला द्रावक पॉलिकार्बोनेटला सोसत नाही. भेगा पडल्या तर तिथेच थांबा आणि डबा बदला.

अंतर 20 ते 25 सेंटिमीटर. हात काचेच्या बाहेर असतानाच नोझल दाबा, काचेवरून एका वेगाने पलीकडे न्या, आणि बाहेर गेल्यावरच सोडा. काचेवर असताना नोझल दाबली किंवा सोडली की तिथे जाड थेंब पडतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर यायला हवा. काच वळलेली असते, म्हणून मनगटाने नाही तर अख्ख्या हाताने तिच्या वळणाबरोबर जा.

पहिला थर अगदी विरळ, नुसता तुषार. काच अजून धुरकटच दिसेल आणि मोह होईल की आणखी थोडा मारावा. थांबा. दहा मिनिटांनी दुसरा थर थोडा ओला. याच वेळी काच डोळ्यांदेखत नितळ होते. पुन्हा दहा मिनिटं, मग तिसरा. साधा क्लिअर असेल तर चौथाही द्यावा. अंतराची वेळ डब्यावर वेगळी दिली असेल तर ती पाळा.

शेवटच्या थरानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, थर अजून किंचित चिकट असतानाच, टेप मागच्या बाजूला दुमडत हळूच ओढून काढा. पूर्ण सुकल्यावर काढली तर कडेने थर उकलतो, आणि पुढच्या पावसात तिथूनच सोलायला लागतो.

त्या रात्री गाडी छपराखाली ठेवा, दव लागू देऊ नका. अंगावर कव्हर टाकू नका, चिकटेल. हॅलोजन दिव्यांची काच तापते, म्हणून त्या रात्री दिवे लावायची वेळ आणू नका. निदान 24 तास पाणी नको, आणि आठवडाभर शाम्पू किंवा घासणं नको.

काही बिघडलं तर

पांढरट पडलं असेल तर लगेच पुसू नका. कोवळ्या उन्हात गाडी दोन-तीन तास ठेवा. थर पातळ असेल तर पुष्कळदा ओल निघून काच नितळ होते. नाहीच झाली तर पूर्ण सुकू द्या, 1500 ने घासा आणि कोरड्या दिवशी पुन्हा मारा.

ओघळ आला तर ओल्यात हात लावणं सर्वांत वाईट. दोन-तीन दिवस वाळू द्या, मग 2000 चा पेपर पाण्यात भिजवून फक्त ओघळाचा उंचवटा उतरवा आणि कंपाउंडने चमक आणा. चिलट बसलं तर तेही तिथेच सुकू द्या आणि तसंच काढा. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार झाला असेल तर डबा लांब धरला गेला किंवा वाऱ्यात मारला गेला. तोही 2000 ने बसतो.

आधीच्या मालकाने काळा टिंट मारलेली गाडी घेतली असेल, तरी कृती हीच. थिनरने झटपट काढायला जाऊ नका. 800 ने घासा. पाणी काळं वाहील, मग पिवळट, मग पांढरं.

उजेड कुठे पडतो ते बघा

काच स्वच्छ झाली की उजेड वाढतो, आणि झोत चुकीचा लागलेला असेल तर आता तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खाली असावी आणि डाव्या बाजूला किंचित वर चढलेली दिसावी. आपण डावीकडून चालवतो, म्हणून झोत रस्त्याची डावी कड उजळतो. कड वर असेल तर दिव्यामागच्या स्क्रूने खाली आणा.

मूळ बल्ब एच-4 असेल तर तो 60/55 वॅटचाच ठेवा. जास्त वॅटचा बल्ब वायरिंग आणि होल्डर तापवतो, आतला चंदेरी आरसा जाळतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात घुसवलेला एलईडी बल्ब उजेड कुठेही उधळतो. समोरून येणारा दुचाकीवाला त्याने आंधळा होतो.

पुढची राखण

कोरड्या फडक्याने काच पुसणं कायमचं बंद करा. आधी पाणी, मग पुसणं. समुद्राजवळ घर असेल तर आठवड्यातून एकदा दिव्यांवर तांब्याभर गोडं पाणी ओतलं तरी मीठ जातं. महिन्याभराने थर पूर्ण कडक झाला की मेण लावा, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. गाडी उभी करताना नाक शक्यतो उत्तरेला किंवा भिंतीकडे करा.

उरलेला डबा गाडीत ठेवू नका. बंद गाडी एप्रिलच्या उन्हात डब्यावर लिहिलेल्या 50 अंशांच्या पलीकडे सहज जाते. साधा क्लिअर उरला असेल तर डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत नोझल मोकळी करा आणि सावलीत ठेवा. टू-के उरत नाही, तो आतच घट्ट होतो.

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस यायच्या आत, काच धुऊन कडांवरून नख फिरवा. कुठे थर उकलत असेल तर त्यावरच नवा थर चढवू नका. सुटलेल्या थरावर बसलेला नवा थर पहिल्याच मोठ्या सरीत जुन्यासकट निघतो. तेवढा भाग घासून सपाट करा, मेण लावून पावसाळा काढा, आणि दिवाळीनंतर पूर्ण काच 800 पासून पुन्हा घ्या.